गर्भाशयमुखाचा कॅन्सर आणि स्कॅन: कोणती तपासणी, केव्हा आणि कशासाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलताना आपण 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतो, रिपोर्टवर 'कार्सिनोमा सर्व्हिक्स' लिहिलेलं असतं. आजार एकच. भारतात दरवर्षी सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांना तो होतो. निदानापासून उपचार संपेपर्यंत प्रत्येकीच्या हातात पाच-सहा स्कॅनचे कागद जमा होतात, पण कुठला कशासाठी काढला हे बहुतेकींना कुणी सांगितलेलं नसतं. रुग्ण आणि नातेवाईक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

सोनोग्राफी नॉर्मल आली आहे. म्हणजे कॅन्सर नाही ना?

तसं मुळीच समजू नका. या आजारात उशीर होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय, अंडाशय, मूत्रपिंडं चांगली दिसतात, पण गर्भाशयमुखावरची एक-दीड सेंटिमीटरची गाठ सहज निसटते. सुरुवातीचा आजार तर सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. तीन-चार मिलिमीटर खोल गेलेला कॅन्सर एमआरआयमध्येही बहुधा दिसत नाही.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, यांपैकी काहीही असेल तर आधी स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारं उपकरण) लावून डोळ्यांनी तपासणी आणि संशय आला तर तुकडा काढून बायोप्सी. स्कॅन त्यानंतर. काही त्रास नसताना आजार पकडायचा असेल तर त्यासाठी एचपीव्ही चाचणी (या कॅन्सरला कारण होणारा विषाणू शोधणारी), पॅप (गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन केलेली तपासणी) किंवा अ‍ॅसिटिक आम्ल लावून केलेली पाहणी आहे. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्यासाठी स्कॅनचं यंत्र लागलं नाही, लहानसा ब्रश पुरला.

बायोप्सीत कॅन्सर आलाच आहे. आता आणखी स्कॅन कशाला? सरळ ऑपरेशन करून टाका ना.

ऑपरेशन करायचं की नाही, हेच स्कॅनवर ठरतं. गाठ चार सेंटिमीटरपेक्षा लहान, गर्भाशयमुखातच मर्यादित आणि लसिकाग्रंथी (पुढे नुसत्या 'ग्रंथी') स्वच्छ असतील, तर शस्त्रक्रिया हा चांगला मार्ग आहे. गाठ त्याहून मोठी असेल, शेजारच्या ऊतींत म्हणजे पॅरामेट्रियममध्ये शिरली असेल किंवा ग्रंथींत आजार असेल, तर किरणोपचार आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. हे न पाहता पिशवी काढली, तर पुढे किरणोपचारही द्यावे लागतात. दोन्ही उपचारांचा त्रास एकाच बाईच्या आतड्यांना आणि मूत्राशयाला सोसावा लागतो, फायदा मात्र दुप्पट होत नाही.

पूर्वी टप्पा मुख्यतः हाताच्या तपासणीवर ठरायचा. 2018 मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बदलले आणि स्कॅनमध्ये जे दिसतं तेही टप्पा ठरवताना धरलं जाऊ लागलं. पहिल्या टप्प्यात डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीचे तीन भाग झाले: 2 सेंमीपेक्षा लहान, 2 ते 4, आणि 4 किंवा जास्त. ओटीपोटातल्या ग्रंथींत आजार असेल तर गाठ केवढीही असो, टप्पा थेट 3सी1. महाधमनीशेजारच्या ग्रंथींत असेल तर 3सी2. त्यापुढे छोटा 'आर' दिसला तर निष्कर्ष स्कॅनवरून काढला आहे, 'पी' दिसला तर पॅथॉलॉजीवरून. म्हणून गावच्या डॉक्टरांनी 'पहिला टप्पा' सांगितला आणि शहरात तिसरा निघाला, तर दोन महिन्यांत आजार झपाट्याने वाढला असंच काही नाही. बहुतेकदा आधी न दिसलेली ग्रंथी आता दिसलेली असते.

आणि हाताची तपासणी बाद झालेली नाही. योनीमार्गाच्या भिंतीवर उथळ पसरलेला आजार अनुभवी बोटांना कळतो, एमआरआयला कधीकधी चकवा देतो.

एमआरआय, सीटी आणि पेट-सीटी, तिन्ही करायचे का?

सहसा नाही. तिघांची कामं वेगळी आहेत.

गाठ केवढी आहे, कुठवर गेली आहे, यासाठी एमआरआय. त्यातल्या टी-2 प्रतिमांत गर्भाशयमुखाचा निरोगी तंतुमय भाग काळा दिसतो आणि गाठ राखाडी, त्यामुळे सीमा स्पष्ट कळते. सीटीत गाठ आणि निरोगी ऊती जवळपास एकाच छटेच्या दिसतात. म्हणून 'सीटीत पॅरामेट्रियममध्ये आजार वाटतो' या वाक्यावर कुणी ऑपरेशन रद्द करत असेल, तर एमआरआयबद्दल जरूर विचारा.

सीटीचा उपयोग छाती, पोट, यकृत आणि मूत्रपिंडांसाठी. पेट-सीटी, म्हणजे किरणोत्सर्गी साखर टोचून काढलेला स्कॅन, ग्रंथींमधला आणि दूरवरचा आजार शोधायला सर्वांत चांगली. गाठ मोठी असेल किंवा एमआरआयमध्ये ग्रंथी संशयास्पद असतील तेव्हा तिचा खरा उपयोग. दीड सेंटिमीटरच्या गाठीसाठी, ग्रंथी स्वच्छ असताना, पेट-सीटीने निर्णय क्वचितच बदलतो.

पैशांची ओढाताण असेल तर आमचा क्रम असा: ओटीपोटाचा एमआरआय पहिला, मग छाती-पोटाची कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे चित्र ठळक करणारं औषध शिरेत टोचून काढलेली. पेट-सीटी करायची ठरली तर वेगळी सीटी बहुतेकदा लागत नाही. आधी सीटी, मग पेट, मग 'एमआरआयही करून या' असं उलट्या क्रमाने झालं की खर्च दुप्पट होतो आणि तीन आठवडे जातात.

एमआरआयच्या दिवशी काय तयारी करायची?

चार तास पोट रिकामं. तपासणीच्या साधारण तासभर आधी लघवी करून घ्या, म्हणजे मूत्राशय अर्धवट भरलेलं राहील. गच्च भरलं तर चाळीस मिनिटं झोपवत नाही, हालचाल होते आणि चित्रं धूसर येतात. आतडी शांत राहावीत म्हणून हायोसिन ब्युटिलब्रोमाइडचं, म्हणजे बस्कोपॅनचं इंजेक्शन देतात. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते आधी सांगा.

धातूचं सगळं घरी ठेवून या. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, नथ, केसांतल्या पिना, आणि हमखास विसरली जाते ती परकराला लावलेली सेफ्टी पिन. जोडवी वर्षानुवर्षं काढलेली नसतात आणि सुजेमुळे निघत नाहीत. अशा वेळी आदल्या दिवशीच साबणाच्या पाण्याने काढून बघा. तांबी बसवली असेल तर घाबरू नका, नेहमीच्या यंत्रात ती चालते, फक्त सांगून ठेवा. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूतली क्लिप असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगायला हवं. रक्तस्राव थांबवण्यासाठी योनीत गॉजची पट्टी भरलेली असेल तर तेही सांगा, नाहीतर ती चित्रात भलतीच गाठ वाटू शकते.

कॉन्ट्रास्टची प्रत्येकीला गरज नसते. गाठीची व्याप्ती टी-2 आणि डिफ्युजन या प्रकारच्या प्रतिमांतच कळते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्टचा आग्रह धरू नका.

बायोप्सीनंतर लगेच एमआरआय केला तर चालतो का?

साध्या बायोप्सीनंतर सात ते दहा दिवस थांबलेलं बरं. कापलेल्या जागी सूज आणि रक्त साचलेलं असतं, ते गाठीसारखं दिसतं आणि माप फुगतं. कोन बायोप्सी, म्हणजे शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा काढून केलेली, झाली असेल तर हा गोंधळ आणखी वाढतो. आधी एमआरआय आणि मग बायोप्सी हा क्रम चित्रांसाठी उत्तम, पण त्यासाठी बायोप्सी लांबणीवर टाकू नये. मागणीपत्रावर 'बायोप्सी अमुक तारखेला झाली' एवढं लिहिलेलं असलं तरी रेडिओलॉजिस्टचं अर्धं काम होतं. हा रकाना रिकामा येण्याचं प्रमाण दुर्दैवाने मोठं आहे.

रिपोर्ट हातात आहे, पण काही कळत नाही. कोणत्या ओळी पाहायच्या?

शेवटचा निष्कर्ष वाचून पान मिटू नका. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पुढच्या गोष्टी शोधा.

पहिलं म्हणजे माप. तीन दिशांचं, उदाहरणार्थ 3.8 × 3.1 × 3.5 सेंमी. यातला सर्वांत मोठा आकडा महत्त्वाचा. 3.8 आणि 4.1 मध्ये कागदावर तीन मिलिमीटरचा फरक आहे, पण मधल्या चार सेंटिमीटरच्या रेषेने उपचाराचा रस्ता बदलू शकतो. माप इतकं सीमेवर असेल तर दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा मोजून घेण्यात कुणाचा अपमान नाही.

मग 'स्ट्रोमल रिंग'. गर्भाशयमुखाभोवती निरोगी ऊतींचं काळं कडं असतं. ते पूर्ण शाबूत, तीन मिलिमीटरहून जाड असेल तर पॅरामेट्रियममध्ये आजार नाही हे बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. कडं तुटलंय आणि गाठीची किनार बाहेर ओबडधोबड डोकावतेय, तर 'पॅरामेट्रियल इन्व्हेजन' म्हणजे 2बी टप्पा. मात्र मोठ्या गाठीभोवती सूज असते आणि त्यामुळे कडं तुटल्याचा भास होतो. अशा वेळी एमआरआय वाचणाऱ्याने हाताच्या तपासणीचा निष्कर्ष पाहावा, आणि तपासणाऱ्याने एमआरआय. खरोखरच शंका उरली तर खालचा टप्पा धरायचा, असा फिगोचा नियम आहे.

'ब्लॅडर' किंवा 'रेक्टम'शी 'लॉस ऑफ फॅट प्लेन' लिहिलं असेल तर लगेच चौथा टप्पा समजू नका. मधला चरबीचा पदर दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात आजार आहे हे सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी करून, तुकडा काढून सिद्ध व्हावं लागतं. अस्तरावर नुसते सुजेचे फुगे दिसले तर तो 4ए धरत नाहीत. उलट एमआरआयमध्ये मूत्राशय आणि गुदाशय स्पष्टपणे स्वच्छ असतील, तर दुर्बिणीच्या दोन्ही तपासण्या वाचतात.

ग्रंथींसाठी 'शॉर्ट अ‍ॅक्सिस' म्हणजे आखूड बाजूचं माप पाहतात. 10 मिमीहून जास्त असेल तर संशय. पण मापावर एकट्याने विसंबू नका. सात मिमीची गोल, वेड्यावाकड्या कडांची, आतून सडलेली ग्रंथी ही बारा मिमीच्या लांबट, गुळगुळीत ग्रंथीपेक्षा जास्त काळजीची. 'नो सिग्निफिकंट लिम्फॅडेनोपथी' याचा अर्थ 'मोठी ग्रंथी दिसत नाही' असा आहे, 'आजार नाही' असा नाही. सूक्ष्म आजार असलेल्या ग्रंथी आकाराने बहुधा नेहमीच्याच असतात.

शेवटी 'हायड्रोनेफ्रोसिस', म्हणजे मूत्रपिंड फुगणं. त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

पेट-सीटीत ग्रंथी चमकली. म्हणजे कॅन्सर पसरला?

शक्यता आहे, खात्री नाही. पेटमध्ये टोचतात ती किरणोत्सर्गी साखर कॅन्सरच्या पेशी भराभरा ओढून घेतात, तशाच जंतूंशी झगडणाऱ्या पेशीही ओढतात. आपल्याकडे क्षयरोग इतका आहे की छातीतल्या, मानेतल्या किंवा पोटातल्या ग्रंथी त्यामुळेही चमकतात. क्षयाच्या ग्रंथी आतून सडलेल्याही दिसतात, म्हणजे कॅन्सरची हुबेहूब नक्कल. ओटीपोटातल्या ग्रंथी सोडून फक्त छातीतल्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी चमकत असतील तर आमचा पहिला संशय क्षयावर किंवा जुन्या संसर्गावर जातो, कारण हा कॅन्सर सहसा पायरीपायरीने चढतो: आधी ओटीपोट, मग महाधमनीशेजारी, मग डाव्या हंसळीच्या वरची ग्रंथी.

उपचाराची दिशा एका ग्रंथीवर बदलणार असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने सुई घालून तपासलीच पाहिजे. पहिल्या टप्प्याच्या बाईला 'चौथा टप्पा' सांगून फक्त केमोवर ठेवणं, हे सुईच्या एका टोचणीने टळतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. मोठ्या गाठीत पेटवर महाधमनीशेजारच्या ग्रंथी स्वच्छ दिसल्या, तरी दर आठ-दहा जणींत एकीच्या ग्रंथींत सूक्ष्म आजार निघतो. आणि 'एसयूव्ही', म्हणजे चमक किती हे सांगणारा आकडा, दोन वेगळ्या केंद्रांतला असेल तर त्यांची तुलना करून हसू किंवा रडू नका. यंत्र, रक्तातली साखर, टोचल्यापासूनचा वेळ या सगळ्यांनी तो बदलतो.

पेट-सीटीची तयारी?

सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. चहाही नको. तोंडात मिश्री, तंबाखू, सुपारी, च्युइंगगम काही नको, चघळल्याने जबड्याचे स्नायू चमकतात. आदल्या दिवशी शेतातलं जड काम, जिने चढउतार टाळा. रक्तातली साखर 200 मिग्रॅ/डेलीच्या खाली हवी. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळून ओटीपोटातलं चित्र झाकोळतं. ती दोन दिवस बंद ठेवायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. शाल सोबत घ्या. थंडीने कुडकुडलं की मानेतली चरबी चमकते आणि ग्रंथींशी घोटाळा होतो.

टोचल्यावर तासभर शांत पडून राहायचं, मग यंत्राखाली जाण्याआधी लघवी करून यायचं. औषध लघवीतूनच बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय शेजारच्या गाठीला झाकून टाकतं. त्या औषधाची ताकद दर 110 मिनिटांनी निम्मी होते, म्हणून रांगेत उशीर झाला तर तुमचा डोस वाया जाऊ शकतो. वेळेवर पोहोचा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नातवंडांना मांडीवर घेऊ नका आणि घरातल्या गरोदर बाईपासून लांब बसा.

सोनोग्राफीत मूत्रपिंड सुजलंय असं म्हणाले. त्याचा इथे काय संबंध?

खूप मोठा. मूत्रवाहिनी गर्भाशयमुखाच्या अगदी शेजारून जाते. गाठ बाजूला वाढली की ती दाबली जाते आणि वरचं मूत्रपिंड फुगतं. मुतखड्यासारखं दुसरं कारण नसेल, तर एवढ्यावरच टप्पा 3बी ठरतो. त्याहून तातडीचं म्हणजे सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड जातं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ते देता येत नाही. अशा वेळी आधी मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) घालतात, किंवा ते जमलं नाही तर पाठीतून नळी टाकून मूत्रपिंड मोकळं करतात आणि मग केमो सुरू होतं. तालुक्याच्या ठिकाणची साधी सोनोग्राफी इथे सोन्याच्या मोलाची आहे. लघवी कमी होणं, चेहऱ्यावर सूज, मळमळ असेल तर मोठ्या स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करून घ्या.

गर्भाशयाची पिशवी दुसऱ्याच कारणासाठी काढली आणि नंतर बायोप्सीत कॅन्सर निघाला. आता स्कॅनचा उपयोग?

हो, आणि तो लवकर हवा. काढलेल्या पिशवीचे ब्लॉक आणि काचा परत मागवून मोठ्या केंद्रात पुन्हा तपासायच्या, सोबत ओटीपोटाचा एमआरआय आणि बहुधा पेट-सीटी. टाक्यांच्या जागेची सूज काही आठवडे राहते, त्यामुळे योनीच्या वरच्या टोकाचा थोडा जाडपणा लगेच आजार धरला जात नाही. ग्रंथी आणि उरलेल्या ऊतींकडे लक्ष द्यायचं. आपल्याकडे अशा रुग्ण कमी नाहीत, आणि बहुतेकींची ऑपरेशनच्या आधी साधी पॅप तपासणीही झालेली नसते.

अजून मूल हवं आहे. पिशवी वाचेल का?

गाठ 2 सेंमीपेक्षा लहान असेल, ग्रंथी स्वच्छ असतील आणि एमआरआयमध्ये गाठीचं वरचं टोक गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडापासून किमान 1 सेंमी दूर असेल, तर फक्त गर्भाशयमुख काढून पिशवी राखण्याचा विचार होऊ शकतो. हे अंतर उभ्या छेदाच्या टी-2 प्रतिमेत मोजतात. रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं नसेल तर विचारून लिहून घ्या.

मूल नको असलेल्यांसाठीही छोट्या गाठीत चित्र बदललंय. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेप अभ्यासात, 2 सेंमीपर्यंतच्या कमी धोक्याच्या गाठींत साधं ऑपरेशन आणि मोठं रॅडिकल ऑपरेशन यांत तीन वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचं प्रमाण 2.5 आणि 2.2 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच आलं. मात्र त्या बायकांची निवड काटेकोर मोजमापावर झाली होती.

शेक, म्हणजे किरणोपचार, सुरू होण्याआधी पुन्हा सीटी काढली आणि दररोज पाणी प्यायला लावतात. का?

ही सीटी निदानासाठी नसून नियोजनासाठी असते. ज्या स्थितीत रोज झोपायचं त्याच स्थितीत, सपाट फळीवर, पातळ छेद घेतात आणि अंगावर खुणा करतात. त्या खुणा घासून पुसू नका.

पाण्याचं कारण साधं आहे. गर्भाशय मूत्राशयावर टेकलेलं असतं. मूत्राशय भरलं की ते वर-मागे सरकतं, रिकामं झालं की पुढे पडतं, कधी दोन-तीन सेंटिमीटर. नियोजन भरलेल्या मूत्राशयावर झालं आणि तुम्ही रिकाम्या मूत्राशयाने झोपलात, तर गाठीचा वरचा भाग किरणांच्या चौकटीबाहेर जाऊ शकतो आणि आतडी चौकटीत येतात. म्हणून बहुतेक केंद्रांत लघवी करून मग ठरलेलं, सहसा अर्धा लिटर पाणी आणि ठरलेला वेळ, अर्धा-पाऊण तास, असा नियम असतो. आपल्या केंद्राचे आकडे पाठ करा आणि रोज तेच पाळा. गुदाशयात वायू किंवा शौच साठलं तरी गर्भाशयमुख पुढे ढकललं जातं, तेव्हा बद्धकोष्ठ असेल तर सांगा.

यंत्रावरच रोज छोटी सीटी घेऊन जागा जुळवतात. टाटा मेमोरियलच्या पार्सर अभ्यासात, ऑपरेशननंतर द्याव्या लागणाऱ्या किरणोपचारात रोज प्रतिमा पाहून दिलेल्या आयएमआरटीने (किरणांना गाठीच्या आकारात बेतून देण्याच्या पद्धतीने) आतड्यांचा उशिरा होणारा त्रास तीन वर्षांत 42 वरून 21 टक्क्यांवर आला.

आतून देतात तो शेक, ब्रॅकीथेरपी, त्यात स्कॅनचं काय काम?

प्रतिमांचा सर्वांत मोठा फायदा खरं तर इथेच झालाय, आणि त्याबद्दल बोललं सर्वांत कमी जातं.

कमरेखाली भूल देऊन लघवीची नळी घालतात. गर्भाशयाच्या आत एक लांब नळी म्हणजे टँडम, आणि गर्भाशयमुखाशी दोन ओव्हॉइड किंवा एक रिंग बसवतात. गाठीने वाट बुजवली असेल किंवा गर्भाशय मागे वळलेलं असेल तर टँडम भिंतीतून आरपार जाण्याचा धोका असतो. म्हणून मूत्राशयात सलाइन भरून पोटावर सोनोग्राफी लावतात आणि नळी आतल्या पोकळीतून सरळ जातेय ना, टोक गर्भाशयाच्या माथ्याच्या आत थांबलंय ना, हे बघत बसवतात. मग गॉज भरून मूत्राशय आणि गुदाशय लांब ढकलतात. नंतर नळ्या आत असतानाच एमआरआय किंवा सीटी. त्यावर उरलेली गाठ, मूत्राशय, गुदाशय, आतडं एकेका छेदावर रेखतात आणि डोस बेततात. किरणांचा स्रोत आत राहतो तो फक्त दहा-वीस मिनिटं. इरिडियम-192 चा स्रोत जुना असेल तर वेळ वाढतो, कारण 74 दिवसांत त्याची ताकद अर्धी होते. दिवस जातो तो या तयारीत.

पूर्वी एक्स-रेवर 'बिंदू ए' हा ठरावीक बिंदू धरून सगळ्यांना एकाच आकाराचा डोस मिळायचा. लहान गाठीला जास्त, मोठ्या आणि एका बाजूला वाढलेल्या गाठीला कमी. आता बाहेरचा आणि आतला मिळून गाठीच्या किमान 90 टक्के भागाला 85 ग्रे (किरणांच्या डोसचं माप) किंवा जास्त, आणि गुदाशयाच्या सर्वांत जास्त शेकलेल्या 2 घनसेंमीला 75 ग्रेपेक्षा कमी, असे आकडे पाळतात. टाटा मेमोरियलचाही सहभाग असलेल्या एम्ब्रेस-1 अभ्यासात एमआरआयवर बेतलेल्या ब्रॅकीथेरपीने पाच वर्षांत 92 टक्के स्त्रियांत गाठीच्या जागी आजार परतला नाही.

प्रत्येक वेळी एमआरआय मिळणं आपल्याकडे कठीण. मग ब्रॅकीच्या आधी एकदा एमआरआय आणि नळ्या घातल्यावर सीटी, असा मेळ बसवतात आणि तो चांगला चालतो. एक मात्र पाहा: पहिल्या शेकापासून शेवटच्या ब्रॅकीपर्यंत सगळं 56 दिवसांत संपायला हवं. एमआरआयच्या तारखेसाठी ब्रॅकी दोन आठवडे पुढे ढकलणं हा तोट्याचा सौदा आहे.

उपचार संपले. लगेच स्कॅन करून बघायचं का?

तीन महिने थांबा. किरणांनी मेलेल्या ऊतींची सूज आधीच्या आठवड्यांत पेटवर चमकते आणि एमआरआयवर राखाडी दिसते. महिन्याभरात काढलेल्या स्कॅनवर 'आजार शिल्लक' असा शिक्का बसून विनाकारण झोप उडालेल्या अनेक जणी असतात.

तीन महिन्यांनंतरची पेट मात्र पुढचं बरंच सांगते. अमेरिकेत सेंट लुईस इथे झालेल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या पेटवर काहीच चमक उरली नव्हती त्यांपैकी 78 टक्के जणींचा आजार तीन वर्षांत बळावला नाही. थोडी चमक उरलेल्यांत हे प्रमाण 33 टक्के होतं.

त्यानंतर काही त्रास नसेल तर पहिली दोन वर्षं तीन-चार महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी हाताची तपासणी पुरते. दर भेटीला पेट काढण्याने आयुष्य वाढत नाही. एका पायावर सूज, त्याच बाजूला मांडीतून खाली उतरणारी कळ आणि सोनोग्राफीत त्याच बाजूचं मूत्रपिंड फुगलेलं, हे त्रिकूट दिसलं तर मात्र त्याच आठवड्यात स्कॅन.

दोन वर्षांनी कंबर दुखू लागली. रिपोर्टमध्ये 'सेक्रममध्ये बदल, मेटास्टेसिस?' लिहिलंय.

प्रश्नचिन्ह नीट वाचा. किरणांनी ओटीपोटाची हाडं ठिसूळ होतात आणि पाळी गेलेल्या बायकांत माकडहाडावरच्या त्रिकास्थीत बारीक तडे जातात. हाडांच्या स्कॅनवर ते इंग्रजी 'एच' अक्षरासारखे उमटतात, एमआरआयवर दोन्ही बाजूंना सूज आणि मध्ये तड्याची रेघ दिसते. गाठ बनत नाही. अनुभवी डोळ्यांना हा नमुना ओळखू येतो आणि बायोप्सी वाचते. उपचार विश्रांती, वेदनाशामक, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. पुन्हा केमो नव्हे.

गरोदरपणात निदान झालं तर?

कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय आणि सोनोग्राफी. पोटाची सीटी आणि पेट टाळतात.

इतक्या स्कॅननी अपाय होत नाही का?

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. पोट-ओटीपोटाच्या एका सीटीतला डोस निसर्गतः तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा. कॅन्सरच्या उपचारात तो गौण आहे, पण म्हणून विनाकारण सीटी काढावी असं नाही.

खर्चाचं काय?

पैसे भरण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. पॅकेज मंजूर झाल्यावर कोणत्या तपासण्या त्यात धरतात आणि कोणत्या आधी खिशातून कराव्या लागतील, हे लेखी विचारून घ्या. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा, मंजुरी अडकते ती बहुधा तिथेच.

मोठ्या रुग्णालयात जाताना काय न्यायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्मचे फोटो पाठवले तर?

फोटोवरून टप्पा ठरत नाही. केंद्राकडून डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा) असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. फिल्मवर शे-दीडशे प्रतिमांमधल्या निवडक वीस-तीस असतात, सीडीत सगळ्या. घरी आल्यावर सीडी उघडते ना हे एकदा बघा, कोऱ्या निघालेल्या सीडी कमी नसतात. त्यावर नाव, तारीख, तपासणी मार्करने लिहा. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक वेगळे न्या. उन्हात एसटीच्या खिडकीशी ठेवले तर मेण वितळतं, पाण्याच्या बाटलीसोबत डब्यात ठेवा. उपचार संपल्यावरही पहिला एमआरआय फेकू नका. पाच वर्षांनी काही संशय आला तर तुलनेसाठी सगळ्यांत आधी तोच मागितला जाईल.